ओस देवालय आणि नवें गाणें

एखादें देवालय ओस पडत चाललें आहे हें कशावरून ओळखावें, असें कोणी विचारल्यास बहुतेक लोक तेथें जमणाऱ्या माणसांची संख्या मोजूं लागतील. आमच्या मतें ही मोजणी फार उशिरां हातीं येते. तिच्या बऱ्याच आधीं एक गोष्ट घडून गेलेली असते. ती ही कीं, जमलेले लोक गाईनासे होतात. पुस्तकें उघडीं असतात, वाद्य वाजत असतें, ओठहि हलतात. परंतु गाण्याचें काम नेमलेल्या चार मंडळींकडे सोंपवून बाकीचे स्वस्थ उभे राहतात. आपल्याकडे काकडआरतीस टाळ धरणारे हात एकेक करून कमी होतात आणि शेवटीं ध्वनिक्षेपकांतून येणारी मुद्रित आरतीच काय ती उरते, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस आमचें म्हणणें सहज पटेल. उलटपक्षीं, मोडकळीस आलेल्या एखाद्या देवालयांत पुनः जीव आला असें जेव्हां सांगण्यांत येतें, तेव्हां तेथें आतां कोण गातें, काय गातें, आणि तें गाणें कोणत्या जीवनांतून निघतें, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्या वार्तेवर विश्वास ठेवूं नये.

हे तिन्ही प्रश्न ज्याच्या बाबतींत नीट विचारतां येतात, असें एक उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहराचें ‘चर्च ऑफ द रिडीमर’. हें देवालय एपिस्कोपल पंथाचें, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीच्या अमेरिकन शाखेचें. १९६० नंतरच्या दशकांत तें मरणपंथास लागलें होतें. १९७२ च्या सुमारास त्याची कीर्ति अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर पसरली होती. आणि आज त्याची आठवण मुख्यतः दोन कारणांनीं निघते, एक त्याच्या गाण्यांमुळें व दुसरें त्याच्या प्रमुखाच्या अधःपातामुळें. या विषयावरील साहित्य थोडें नाहीं. धर्मोपदेशक ग्रॅहम पुल्किंगहॅम यांनीं स्वतः लिहिलेलीं ‘गॅदर्ड फॉर पॉवर’ (१९७२) व ‘दे लेफ्ट देअर नेट्स’ (१९७३) हीं दोन पुस्तकें, मायकेल हार्पर या इंग्रज लेखकाचें ‘अ न्यू वे ऑफ लिव्हिंग’ (१९७३), आणि कांहीं काळ त्याच मंडळींत राहिलेल्या पत्रकार जूलिया ड्युइन यांचा ‘डेज ऑफ फायर अँड ग्लोरी’ (२००९) हा ग्रंथ, एवढीं तरी जिज्ञासूनें पाहावीं. परंतु आमचा मुख्य आधार याहून वेगळा आहे. तो म्हणजे बेटी पुल्किंगहॅम व जीन हार्पर यांनीं संपादिलेलीं ‘साउंड ऑफ लिव्हिंग वॉटर्स’ (१९७४) आणि ‘फ्रेश साउंड्स’ (१९७६) हीं दोन गीतपुस्तकें. चरित्रें व हकीकती माणसाच्या इच्छेप्रमाणें रंगवितां येतात. गाणीं तितकीं सहज खोटें बोलत नाहींत.

प्रथम स्थळाचा विचार करूं. ईस्टवुड ही ह्यूस्टनच्या मध्यभागाच्या पूर्वेस असलेली वस्ती. विसाव्या शतकाच्या आरंभीं ट्रामगाडीच्या सोयीनें जीं खाऊनपिऊन सुखी अशीं उपनगरें अमेरिकेंत वसलीं, त्यांपैकींच हें एक. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, नवे रुंद रस्ते झाले, आणि पैसेवालीं गोरीं कुटुंबें शहराच्या कडेला नव्या घरांत राहावयास निघून गेलीं. ईस्टवुडच्या भोंवतीं कारखाने व गुदामें आलीं. जुन्या मोठ्या घरांच्या खोल्या पाडून त्या भाड्यानें दिल्या जाऊं लागल्या. मेक्सिकन वंशाचीं व इतर गरीब कुटुंबें तेथें राहूं लागलीं. रिडीमरचे जुने सभासद रविवारीं दूरवरून मोटारींतून येत, उपासना आटोपीत, व परत जात. वेदीच्या मागें जॉन ऑर्थ या चित्रकारानें रंगविलेलें एक प्रचंड भित्तिचित्र होतें; त्यांत स्वर्गारोहण करणारा ख्रिस्त साध्या श्रमजीवी माणसांच्या मेळ्यांत दाखविलेला होता. चित्रांत जीं माणसें होतीं तीं आसपासच्या गल्ल्यांतहि होतीं. बांकांवर मात्र तीं नव्हतीं. एखाद्या धर्मसंस्थेची स्थिति यापेक्षां थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

१९६३ सालीं पुल्किंगहॅम येथें प्रमुख धर्मोपदेशक म्हणून आले. शेजारच्या पोरांसाठीं देवालयाचीं दारें उघडावीं, त्यांचे खेळ घ्यावे, त्यांच्या घरीं जावें, असे सर्व उपाय त्यांनीं केले, आणि सर्व फसले. आपल्या अपयशाची ही हकीकत त्यांनीं स्वतःच मोकळेपणानें लिहिली आहे. १९६४ सालीं ते न्यूयॉर्क येथें रस्त्यावरील व्यसनी तरुणांत काम करणाऱ्या डेव्हिड विल्करसन यांस भेटले. तेथें प्रार्थनेंत त्यांस जो अनुभव आला त्यास त्या परंपरेंत ‘पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा’ म्हणतात. या अनुभवाच्या सत्यासत्यतेंत आम्ही शिरत नाहीं. बाहेरून दिसणारा परिणाम एवढाच कीं, परत आल्यावर त्यांनीं कार्यक्रम आंखणें सोडून माणसें जमविण्यास आरंभ केला. एक वकील, एक डॉक्टर, आणखी कांहीं गृहस्थ आपापलीं चांगलीं घरें सोडून सहकुटुंब ईस्टवुडमध्यें राहावयास आले. ते रोज एकत्र प्रार्थना करीत, एकत्र जेवीत. पुढें मिळकतहि एकत्र करूं लागले. एकाच्या पगारावर दोघांतिघांनीं राहावें व मोकळ्या झालेल्या हातांनीं शेजाऱ्यांची सेवा करावी, असा हा क्रम होता. १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत अशीं सामायिक घरें चाळीसच्या आसपास झालीं व त्यांतून शेंकडों माणसें राहूं लागलीं.

याच वेळीं अमेरिकेंतील तरुण पिढी घर, नोकरी, युद्ध व देऊळ या चौघांवरहि सारखीच रुसली होती. केस वाढविलेलीं, अनवाणी, गांजा व त्याहून भयंकर अशीं द्रव्यें घेऊन पाहिलेलीं ही मुलें सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागांत हजारोंनीं जमलीं. आणि तेथेंच १९६७ सालीं त्यांच्यापैकींच ख्रिस्ती झालेल्या कांहीं जणांनीं ‘लिव्हिंग रूम’ नांवाचें एक कॉफीगृह उघडलें. पुढें या प्रवाहास ‘जीझस पीपल’ असें नांव पडलें. १९६९ मध्यें लॅरी नॉर्मन यांची ‘अपॉन धिस रॉक’ ही तबकडी निघाली, आणि जूनमध्यें १९७१ सालीं ‘टाइम’ साप्ताहिकानें या चळवळीस आपलें मुखपृष्ठ दिलें. कॅलिफोर्नियांतील कॉस्टा मेसा येथील कॅल्व्हरी चॅपलनें या मुलांसाठीं तंबू उभारला आणि त्यांच्या रॉक संगीतासच उपासनेचें आसन दिलें. रिडीमरच्या दारांतहि अशींच मुलें येऊं लागलीं. ‘द वे इन’ नांवाचें एक कॉफीगृह त्यांच्यासाठीं चालविण्यांत येई. तेथें येणारा तरुण पुष्कळदां कुठल्यातरी सामायिक घरांत मुक्कामास राही, आणि त्या घरांतून देवालयांत येई.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. कारण आमच्या विवेचनाचा सारा भार त्यावर आहे. कॅलिफोर्नियांतील मंडळींनीं बव्हंशीं नवी उपासना निर्माण केली. तींत जुन्या विधीचें ओझें नव्हतें आणि त्याचा आधारहि नव्हता. रिडीमरमध्यें मात्र शतकांची छापील प्रार्थना होती, वर्षाचे नेमलेले सण होते, झगे होते, मेणबत्त्या होत्या, ऑर्गन होता. आलेल्या अनवाणी मुलांसाठीं हें सर्व फेंकून द्यावयाचें, कीं हें सर्व शाबूत ठेवून मुलांस केस कापून यावयास सांगावयाचें, असा तो पेंच होता. जगांतील बहुतेक जीर्ण संस्था या पेंचांत सांपडून दोहोंपैकीं एक चूक करितात. रिडीमरनें यापैकीं कोणतीच केली नाहीं, आणि याचें श्रेय मुख्यतः एका बाईस आहे.

बेटी पुल्किंगहॅम या ग्रॅहम यांच्या पत्नी. संगीतशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि तें शिकविलेल्या. गिटार घेऊन आलेल्या पोरांकडे पाहून अशा विदुषीनें नाक मुरडलें असतें तर तें स्वाभाविक ठरलें असतें. पण घरांत वीसवीस माणसांचा स्वयंपाक चालला असतां, भांडीं घासतांना, मुलांस निजवितांना जीं साधीं गाणीं आपोआप जन्मास येत होतीं, त्यांकडे त्यांनीं शास्त्रज्ञाच्या नव्हे, आईच्या कानानें ऐकिलें. आणि मग मात्र शास्त्रज्ञाच्या हातानें त्यांवर काम केलें. त्यांची पद्धति अशी. मूळ चाल इतकी सोपी ठेवावयाची कीं पुस्तक न पाहतां नवख्या माणसास दुसऱ्या आवृत्तींत ती गातां यावी. गिटारचा आधार तीनचार स्वरमेळांचाच. परंतु त्या चालीच्या वर तरंगत जाणारी एक दुसरी चाल कुशल गळ्यांसाठीं बांधावयाची. कोठें चेलो, कोठें बांसरी घालावयाची. ऑर्गनला हांकलून न देतां त्यास मागें उभें करावयाचें. अशा रीतीनें ज्यास कांहींच येत नाहीं त्यास गातां येई, आणि ज्यास पुष्कळ येतें त्याचें पुष्कळ वायां जात नसे. सामुदायिक संगीताचें याहून चांगलें लक्षण आम्हांस ठाऊक नाहीं. आमचे कीर्तनकार हेंच करितात: ध्रुवपद सर्वांचें, तान बुवांची, आणि बुवा चांगले असतील तर तान संपतांच पुनः सर्वांच्या ओंठीं ध्रुवपद येतें.

दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची. त्यांनीं नवीं गीतें नुसतीं विधीच्या आगेंमागें चिकटविलीं नाहींत. विधीचेच शब्द नव्या चालींत बांधले. देवाच्या महिम्याचें प्राचीन स्तोत्र, ‘पवित्र, पवित्र’ हा घोष, प्रभूची प्रार्थना, हे जे भाग आजवर धर्मोपदेशक पुटपुटत असे किंवा गायकवर्ग मोठ्या आवाजांत पार पाडीत असे, ते आतां बांकांवरून उठले. जुन्या स्तोत्रपुस्तकांतील भारदस्त चतुःस्वरी पदेंहि राहिलीं, आणि तीं गिटारच्या गाण्यांच्या शेजारीं बसलीं. पिढ्यांचें भांडण मिटविण्याचा हा एक फार शहाणा मार्ग होता. म्हाताऱ्यास वाटे, शब्द आपलेच आहेत. मुलास वाटे, सूर आपला आहे.

महाराष्ट्रीय वाचकास हा प्रश्न अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. परदेशी मिशनांच्या देवळांत इंग्रजी वृत्तांत बसविलेलीं मराठी भाषांतरें ऑर्गनवर गाइलीं जात होतीं, त्या काळांत, म्हणजे १८९५ सालीं, नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. आणि आपली भक्ति अभंगांत, ओवींत, भजनाच्या चालींत गाण्याचा हक्क त्यांनीं मराठी ख्रिस्ती समाजास मिळवून दिला. १९१७ सालीं त्यांनीं काढलेला ‘देवाचा दरबार’ हा मिशनच्या चौकटीबाहेर सर्वांनीं एकत्र येऊन भक्ति करावी याच ओढीचा परिणाम होता. टिळक व ह्यूस्टनची मंडळी यांत अर्थात् मोठा फरक आहे. टिळकांच्या पाठीशीं ज्ञानोबा-तुकोबांची सहाशें वर्षांची घडविलेली भाषा होती. ह्यूस्टनच्या पोरांच्या पाठीशीं रेडिओवरील लोकगीतें होतीं. या फरकाचा परिणाम गीतांच्या शब्दांवर झाला आहे, आणि आतां त्याचाच विचार करावयाचा आहे.

स्पष्ट बोलावयाचें तर, या गीतपुस्तकांतील पुष्कळ गीतांचे शब्द कविता या दृष्टीनें दुबळे आहेत. बायबलांतील एखादें वचन जसेंच्या तसें घेऊन चालीवर बसविलें आहे तेथें भाषा बायबलचीच असल्यामुळें प्रश्न उरत नाहीं, आणि संग्रहांतील उत्तम गीतें बहुधा याच वर्गाचीं आहेत. परंतु जेथें नव्या लेखकानें स्वतःचे शब्द घातले आहेत, तेथें आनंद, प्रेम, प्रकाश, नाच, जीवन या पांचसहा शब्दांचें दळण फार झालें आहे. आयझॅक वॉट्स किंवा चार्ल्स वेस्ली यांचें एक पद घेतलें म्हणजे त्यांत एक विचार उभा राहतो, वळण घेतो आणि कोठेंतरी पोंचतो. येथें विचार चालत नाहीं. जागच्या जागीं झुलतो. पुनरावृत्ति हा स्वतः दोष नव्हे. नामस्मरण ज्या देशांत जन्मलें तेथील लोकांस हें शिकवावयास नको. पण नामांत पुनरावृत्ति सोसते, कारण नाम हें मत नसतें. ‘मला किती बरें वाटतें’ या मताची पुनरावृत्ति सोसत नाहीं.

याहून गंभीर अशी एक उणीव आहे. दोन्ही संग्रह क्रमानें चाळीत गेल्यास स्तुति, आभार, आमंत्रण, सेवा यांचीं गीतें मुबलक सांपडतात. तक्रारीचीं, शंकेचीं, विलापाचीं फारच थोडीं. हें आश्चर्य आहे. कारण ज्या स्तोत्रसंहितेंतून या मंडळींनीं इतकें उचललें, तिच्या १५० स्तोत्रांत विलापाचा भाग फार मोठा आहे. ‘तूं मला कां टाकिलेंस’ असें देवास विचारणारा माणूस त्या संहितेच्या पानोपानीं भेटतो. आमच्या तुकोबानेंहि विठ्ठलाशीं जितकें भांडण केलें तितकें शेजाऱ्याशीं केलें नसेल. आणि वारकऱ्यांनीं त्या भांडणाचे अभंग वगळून टाकले नाहींत, ते आजहि भजनांत म्हटले जातात. रिडीमरच्या गाण्यांत हें भांडण आम्हांस जवळजवळ आढळलें नाहीं. सर्वत्र ऊन पडलें आहे; सांवली म्हणून नाहीं.

ही केवळ रुचीची गोष्ट असती तर आम्ही ती एका वाक्यांत सांगून सोडली असती. परंतु पुढील इतिहास पाहतां ती तशी सोडून देतां येत नाहीं.

सामायिक घरांच्या जीवनांत जसा मायेचा ओलावा होता, तसा हुकमतीचा ताणहि होता. कोणी कोणत्या घरीं राहावें, कोणतें काम करावें, पैसा कसा खर्चावा, हें वडीलमंडळ ठरवी. आणि ज्यानें आपलें सर्वस्व त्या घरांत ओतलें आहे त्यास ‘नाहीं’ म्हणणें सोपें नसे. ड्युइन यांच्या ग्रंथांत या ताणाची हकीकत सविस्तर आली आहे. त्याच्या मुळाशीं याहून काळी एक गोष्ट होती. १९९२ सालीं पुल्किंगहॅम यांजवर, आपल्याच आध्यात्मिक देखरेखीखालील माणसांशीं लैंगिक गैरवर्तन केल्याचे आरोप उघडपणें पुढें आले व त्यांस धर्मसेवेंतून निलंबित करण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं, १९९३ मध्यें, ते वारले. ज्यांस त्रास झाला त्यांनीं तो वर्षानुवर्षें मनांत दाबून ठेविला होता.

समीक्षकानें येथें दोन सोप्या वाटा टाळल्या पाहिजेत. एक वाट अशी कीं, कला वेगळी व चरित्र वेगळें असें म्हणून डोळे मिटून घ्यावे. दुसरी अशी कीं, झरा दूषित होता, सबब पाणी सर्व ओतून द्यावें. पहिली वाट त्रास भोगलेल्यांवर अन्याय करिते. दुसरी वाट त्या शेंकडों साध्या माणसांवर अन्याय करिते, ज्यांनीं हीं गाणीं केलीं, गाइलीं, आणि तीं गात परक्याच्या मुलास आपल्या ताटांतलें वाढलें. गाणीं पुल्किंगहॅम यांचीं नव्हतीं. तीं त्या घरांचीं होतीं. तथापि, एक प्रश्न आम्हांस राहून राहून विचारावासा वाटतो. ज्या समाजाच्या उपासनेंत तक्रारीस सूर नाहीं, त्या समाजांत तक्रार करणाऱ्यास शब्द कोठून मिळावे? रोज सकाळसंध्याकाळ आनंदाचें गाणें म्हणणाऱ्या मेळ्यांत ज्याच्या पोटांत दुःख आहे तो एकटा पडतो. आपलीच भक्ति कमी आहे असें त्यास वाटूं लागतें. गाण्यांत विलाप असता तर अपराध टळला असता, असें आम्ही म्हणत नाहीं. अपराध हा अपराध्याचाच. पण दुःख बोलण्याची संवय ज्या मंडळीस गाण्यांतून लागलेली असते, तेथें ती गोष्ट इतकीं वर्षें दबून राहणें कठिण झालें असतें, असें मात्र आम्हांस निश्चित वाटतें. पूर्वजांनीं स्तोत्रसंहितेंत रडण्यास एवढी जागा ठेविली ती काव्याच्या हौसेखातर नव्हे.

आतां या गाण्यांच्या प्रसाराकडे वळूं. १९७२ सालीं ‘गाइडपोस्ट्स’ मासिकानें रिडीमरची त्या वर्षाचें आदर्श चर्च म्हणून निवड केली. त्याच वर्षीं कॉव्हेंट्रीचे बिशप कथबर्ट बार्डस्ली यांच्या निमंत्रणावरून पुल्किंगहॅम कुटुंब व कांहीं मंडळी इंग्लंडांत गेलीं. तेथें गाणाऱ्यांचें एक पथक तयार झालें. त्यांचें नांव ‘फिशरफोक’, म्हणजे कोळी लोक. माणसें धरणारे कोळी व्हा, या ख्रिस्तवचनाचा त्यांत संकेत आहे. हें पथक गांवोगांव हिंडलें, तबकड्या निघाल्या, वर सांगितलेलीं गीतपुस्तकें इंग्लंडच्या असंख्य देवालयांत गेलीं. पुढें मंडळीचा एक भाग स्कॉटलंडच्या कंब्रे बेटावर, तेथील लहानशा कॅथिड्रलच्या आश्रयानें राहिला, आणि १९८५ सालीं ‘कम्युनिटी ऑफ सेलिब्रेशन’ या नांवानें पेन्सिल्व्हेनियांतील ॲलिक्विपा या गांवीं गेला. लोखंडाचा कारखाना बंद पडत चालल्यामुळें बेकारीनें ग्रासलेलें तें गांव; म्हणजे पुनः एक ईस्टवुडच. त्या काळांतील गाण्यांत दारिद्र्य व न्याय यांचा सूर पहिल्यापेक्षां स्पष्ट ऐकूं येतो. आफ्रिकन चालींवर बेटी पुल्किंगहॅम यांनीं बांधलेला ‘फ्रीडम मास’ हा उपासनाविधि त्याची साक्ष देईल. आमच्या वरील टीकेचें कांहीं उत्तर त्यांत आहे, हें कबूल करणें न्याय्य होय.

आणि ज्या पंथानें गिटारकडे प्रथम साशंक दृष्टीनें पाहिलें, त्यानें आपल्या १९८२ च्या अधिकृत स्तोत्रपुस्तकांत या प्रवाहास जागा दिली. कॅल्व्हरी चॅपलच्या कॅरन लॅफर्टी यांचें ‘सीक यी फर्स्ट’ त्यांत आहे. मिशिगनमधील डॉन फिशेल यांचें ‘अलेलुया’ बेटी पुल्किंगहॅम यांनीं केलेल्या स्वरयोजनेसह आहे. अनवाणी पायांनीं आलेलें गाणें अशा रीतीनें कातडी बांधणीच्या ग्रंथांत जाऊन बसलें. याचा आनंद मानावा कीं खेद, हें वाचकानें ठरवावें. आम्हांस त्यांत दोन्ही दिसतात.

कारण याच प्रसारांत एक गैरसमज पसरला, आणि तो आजहि गेलेला नाहीं. इंग्लंड-अमेरिकेंतील कितीतरी ओस पडणाऱ्या देवालयांच्या चालकांनीं रिडीमरची कथा ऐकून एवढाच बोध घेतला कीं ऑर्गन काढून गिटार आणावी, म्हणजे तरुण येतील. कांहीं ठिकाणीं ते आले; पण बहुतेक ठिकाणीं नवी चाल जुन्या ओसाडपणांत घुमत राहिली. गाणें विकत घेतां येतें. ज्या घरांतून तें निघालें तें घर विकत घेतां येत नाहीं. रिडीमरमध्यें गाण्यानें देवालय उठविलें, असें म्हणणें म्हणजे कोंबड्यानें सूर्य उगवविला असें म्हणणें आहे. तेथें आधीं एका डॉक्टरानें, एका वकिलानें आपलें बरें घर सोडलें. शेजारच्या गल्लींतील मुलाच्या तापांत कोणीतरी रात्र जागविली. वीस माणसांनीं एका डाळीच्या भांड्यांतून खाल्लें. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला त्यास लोकांनीं संगीत म्हटलें. लोक त्या आवाजामागें आले हें खरें, पण ते आवाजासाठीं राहिले नाहींत. राहिले ते, आपलें नांव तेथें कोणास तरी ठाऊक होतें म्हणून.

आपल्याकडील उत्सवमंडळांस, प्रार्थनासमाजांस, जुन्या देवस्थानांच्या पंचांस ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. तरुण येत नाहींत अशी हाकाटी सर्वत्र आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणून मोठा ध्वनिक्षेपक, नामांकित गायक, रोषणाई यांची योजना होते. गर्दी होते, दुसऱ्या दिवशीं ती नाहींशी होते. मुंबईचा प्रार्थनासमाज १८६७ सालीं स्थापन झाला, तेव्हां न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या विद्वानांनीं तुकोबाचे अभंग उपासनेंत आणिले. चाली उत्तम, शब्द त्याहून उत्तम. तथापि तें गाणें विद्वानांच्या दिवाणखान्यांतून गिरणीच्या चाळींत फारसें उतरलें नाहीं, कारण गाणारे तेथें राहावयास गेले नाहींत. ह्यूस्टनच्या मंडळींजवळ शब्द हलके होते. पण गाणारे राहावयास गेले. दोन्ही एकत्र येतील तो दिवस चांगला.

असो. आमचा अभिप्राय थोडक्यांत असा. ‘साउंड ऑफ लिव्हिंग वॉटर्स’ हा संग्रह संगीतयोजनेच्या दृष्टीनें अभ्यासनीय, वचनगीतांच्या बाबतींत सुंदर, स्वतंत्र कवितेच्या बाबतींत सामान्य, आणि भावनेच्या व्याप्तींत अपुरा आहे. तो पाहणारानें त्याच्या शेजारीं ड्युइन यांचा ग्रंथ ठेवावा, व तो ग्रंथ वाचणारानें गाणीं ऐकल्यावांचून त्या मंडळीचा निकाल लावूं नये. रिडीमरची ती मंडळी आतां त्या जुन्या वास्तूंत उपासना करीत नाहीं. सामायिक घरेंहि मोडलीं. परंतु जगांतील कित्येक देवालयांत आज कोणी एक म्हातारी बाई पुस्तक न उघडतां ‘अलेलुया’ची ती वरची चाल धरिते, आणि तिच्या शेजारचें मूल खालची. ती चाल कोठून आली हें त्या दोघांस ठाऊक नसतें. तें ठाऊक असावें, सगळेंच ठाऊक असावें, आणि तें कळल्यावर ज्यास गावेंसें वाटेल त्यानें गावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे.